मशीन लर्निंगमध्ये संशोधक-प्राध्यापक व्हायचं तर: गेटपासून बढतीपर्यंतचा रस्ता

प्राध्यापकपदाच्या अर्जासोबत शिफारसपत्रं मागतात. ती मागितली जातात अर्जाच्या वेळी, पण त्यांत लिहिण्याजोगं काही घडायला हवं ते चार वर्षं आधी. अनुदानाच्या प्रस्तावात 'प्राथमिक निष्कर्ष' लागतात, म्हणजे पैसे मिळण्यापूर्वीच थोडं काम झालेलं लागतं. पीएचडीच्या मुलाखतीत प्रोजेक्टबद्दल विचारतात, आणि तो प्रोजेक्ट बीटेकच्या तिसऱ्या वर्षातच सुरू व्हायला हवा असतो. या पेशात प्रत्येक पायरीची तयारी तिच्या आधीच्या पायरीवर करावी लागते. म्हणून खाली प्रत्येक टप्प्यावर काय करायचं, त्याबरोबर ते कधी सुरू करायचं हेही दिलं आहे.

आधी ठरवा, कुठली प्राध्यापकी

महाराष्ट्रात 'प्राध्यापक' या एका शब्दात तीन वेगळ्या नोकऱ्या येतात. विद्यापीठाशी संलग्न इंजिनिअरिंग कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायला एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) निकषांनुसार बीई आणि एमई (किंवा बीटेक-एमटेक) लागतं आणि दोहोंपैकी एकात तरी प्रथम वर्ग लागतो. विज्ञान महाविद्यालयात किंवा विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात जायचं तर नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्याची) ही पात्रता परीक्षा हा नेहमीचा रस्ता. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. तिसरा प्रकार आयआयटी, एनआयटी, आयसर, आयआयएससी, टीआयएफआर यांचा. तिथे नेट कुणी विचारत नाही, पीएचडी मात्र अनिवार्य असते आणि निवड संशोधनावर होते.

फरक आठवड्याच्या वेळापत्रकात दिसतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं. आयआयटीत एका सत्रात साधारण एक विषय, म्हणजे आठवड्याला तीन-चार तास. उरलेला वेळ संशोधनासाठी आणि संशोधनाच्या नावाखाली येणाऱ्या कागदपत्रांसाठी. तासिका तत्त्वावर चार कॉलेजं फिरत मशीन लर्निंगचं संशोधन करणं जवळपास अशक्य आहे. 'आधी लागू, मग पीएचडी करू' या बेताने तिथे शिरणाऱ्याने हे आधीच ओळखावं. अर्धवेळ पीएचडी होते, पण आठ-आठ वर्षं रेंगाळते, आणि तेवढ्या काळात या विषयातली पद्धत दोनदा बदललेली असते.

पुढचं सगळं मुख्यतः तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे. पहिल्या दोन प्रकारांत असलेल्यांसाठी वेगळा भाग शेवटाकडे आहे.

पदवीच्या वर्षांत

रेषीय बीजगणित, संभाव्यता, ऑप्टिमायझेशन. या तिन्हींना पर्याय नाही. पक्कं किती झालं याची एक सोपी कसोटी अशी: सॉफ्टमॅक्स आणि क्रॉस-एन्ट्रॉपी यांचा ग्रेडियंट कागदावर काढा, दोन थरांचं न्यूरल नेटवर्क पायटॉर्चसारख्या तयार चौकटीशिवाय, नुसत्या नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीत लिहा, आणि तुमचा ग्रेडियंट बरोबर आहे हे अंकीय फरकाने तपासा, म्हणजे पॅरामीटर किंचित हलवून लॉस (मॉडेलची चूक मोजणारा आकडा) किती बदलतो ते पाहा. हे एका दिवसात जमलं तर पाया ठीक आहे. तीन दिवस लागले तरी हरकत नाही. जमलंच नाही तर अजून पाच ऑनलाइन प्रमाणपत्रं जमवण्यापेक्षा गणिताकडे परत वळा. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणमंचावर आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत.

गेट ही एमटेक-पीएचडीच्या प्रवेशासाठीची परीक्षा साधारण फेब्रुवारीत होते: तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण, त्यांतले १५ सामान्य कलचाचणीचे. निकाल तीन वर्षं चालतो. २०२४पासून डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयाचा स्वतंत्र पेपर आला आहे. संगणकशास्त्राच्या पेपरमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम, कम्पायलर, नेटवर्क येतं, तर नव्या पेपरमध्ये संभाव्यता, रेषीय बीजगणित आणि मशीन लर्निंगवर भर असतो. गणित आणि इलेक्ट्रिकल शाखेच्या मुलांना हा दुसरा दरवाजा सोयीचा आहे. फक्त अर्ज भरण्यापूर्वी ज्या विभागात जायचं आहे तो विभाग कुठला पेपर धरतो ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहून घ्या. चुकीचा पेपर दिला म्हणून वर्ष वाया जाणारे दरवर्षी असतातच.

बीटेकनंतर थेट पीएचडी, आधी एमटेक, की मध्ये एक-दोन वर्षं संशोधन सहायक? आमचं मत स्पष्ट आहे: संशोधनाची चव घेतल्याशिवाय पाच वर्षांचा करार करू नये. आयआयटी मुंबईचं रिसर्च असिस्टंट वर्गातलं एमटेक तीन वर्षांचं असतं, काही संस्थांत संशोधनाधारित एमएस असतं, आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळुरूच्या प्रयोगशाळेत एक ते दोन वर्षांची रिसर्च फेलोशिप असते. यांतल्या कुठल्याही ठिकाणी दीड वर्ष काढलं की दोन गोष्टी हातात पडतात: एखादा पेपर, आणि तुमचं काम जवळून पाहिलेल्या माणसाचं शिफारसपत्र. दुसरी गोष्ट जास्त मोलाची. 'हा विद्यार्थी माझ्या वर्गात पहिला आला' हे पत्र परीक्षकाच्या दृष्टीने रिकामं असतं. 'प्रयोग फसल्यावर त्याने स्वतःहून डेटा तपासला आणि चूक लेबलांत आहे हे शोधून काढलं' हे पत्र चालतं. पहिलं पत्र कुठलाही विभागप्रमुख देईल. दुसऱ्यासाठी कुणाबरोबर तरी वर्षभर बसावं लागतं.

गाईड निवडताना

संस्थेच्या नावापेक्षा गाईड महत्त्वाचा, हे सगळे सांगतात. पण गाईड तपासायचा कसा हे फारसं कुणी सांगत नाही. त्यांच्या पानावरची माजी विद्यार्थ्यांची यादी उघडा. किती जण पूर्ण करून बाहेर पडले, किती वर्षं लागली, आता कुठे आहेत? यादीत प्रवेशाचं वर्ष दिसतं पण पदवीचं दिसत नाही, अशी दोन-तीन नावं असतील तर त्यांना सरळ मेल करा. मग गेल्या तीन वर्षांतले पेपर पाहा: पहिला लेखक विद्यार्थी आहे का? शेवटी, सध्याच्या विद्यार्थ्यांना भेटून एकच प्रश्न विचारा: गाईडशी शेवटचं तासभर बोलणं कधी झालं? 'गेल्या आठवड्यात' हे चांगलं उत्तर. कुणी हसून विषय बदलला, तर तेही उत्तरच आहे.

पैशांचं गणित असं. केंद्र सरकारच्या दरांनुसार १ जानेवारी २०२३पासून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती महिना ३७,००० रुपये, आणि दोन वर्षांनी वरिष्ठ झाल्यावर ४२,०००. पंतप्रधान संशोधन छात्रवृत्ती पहिली दोन वर्षं ७०,०००, तिसऱ्या वर्षी ७५,००० आणि पुढे ८०,०००, शिवाय वर्षाला दोन लाखांचं संशोधन अनुदान. या छात्रवृत्तीवर असणाऱ्यांना दरवर्षी ठरलेले तास बाहेरच्या संस्थेत शिकवावं लागतं. कंपनीत गेलेले वर्गमित्र याच्या कित्येक पट कमावतात. घरी हा विषय निघणारच. पाच वर्षांचा हिशेब आधी कागदावर मांडून दाखवलेला बरा.

पीएचडीची वर्षं

पहिल्या वर्षी कोर्सवर्क, मग पात्रता परीक्षा, त्यानंतर दरवर्षी संशोधन समितीपुढे प्रगतीचं सादरीकरण. आयआयटी मुंबईत याला एपीएस म्हणतात. शिवाय टीएशिपचे (अध्यापनात मदतीचे) आठवड्याला साधारण आठ तास. कागदावर हे नीटनेटकं दिसतं. गाडी अडते ती दुसऱ्या वर्षात: कोर्स संपलेले असतात आणि स्वतःचा प्रश्न सापडलेला नसतो. अशा वेळी बहुतेक जण वाचत सुटतात. त्याऐवजी एखादा अलीकडचा पेपर घ्या आणि त्यातला मुख्य आकडा स्वतःच्या मशीनवर जसाच्या तसा काढून दाखवा. दहातल्या काही वेळा तो येणार नाही. का आला नाही, याच्या मागे लागलात की बहुधा तिथेच पहिला प्रश्न सापडतो.

मराठीत काम करणाऱ्याला असे प्रश्न पायाशी पडलेले असतात. देवनागरीतलं प्रत्येक युनिकोड चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइट घेतं. 'महाराष्ट्र' या शब्दात अशी दहा चिन्हं, म्हणजे ३० बाइट. इंग्रजीतला दहा अक्षरांचा शब्द दहा बाइटांत बसतो. मुख्यतः इंग्रजीवर घडवलेला टोकनायझर (मजकूर मॉडेलसाठी टोकनांत तोडणारा भाग) मराठी शब्दाचे तुकडे-तुकडे करतो, आणि तेवढ्याच मजकुराला जास्त टोकन, जास्त वेळ, जास्त खर्च लागतो. त्याहून लबाड गोष्ट 'ॲप' या शब्दाची. तो 'ॲ' या एका चिन्हाने लिहिता येतो, नाहीतर 'अ' आणि त्यावर 'ॅ' अशा दोन चिन्हांनी. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द, आणि युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरणही त्यांना एक करत नाही. 'दुसऱ्या'मधला 'ऱ्य' जुन्या फाइलींत वेगळ्या चिन्हक्रमाने येतो. अशा मजकुरातले दुहेरी उतारे काढायला स्क्रिप्ट चालवली तर निम्मे सुटतात, आणि प्रशिक्षणातलं वाक्य चाचणीच्या संचात जाऊन बसतं. मॉडेलची अचूकता छान दिसते. ती खोटी असते.

ही गळती, म्हणजे चाचणीचा डेटा प्रशिक्षणात झिरपणं, या क्षेत्रातली अगदी सामान्य चूक आहे. ती आणि असे फसवे आकडे टाळायला चार सवयी लावून घ्या. डेटाची प्रशिक्षण आणि चाचणी अशी विभागणी सगळ्यात आधी करा, मग साफसफाई आणि मोजमापाची प्रमाणं फक्त प्रशिक्षणाच्या भागावरून काढा. एकाच माणसाचे, एकाच बातमीचे, एकाच रुग्णाचे नमुने दोन्हीकडे विभागू नका. चाचणीचा संच शेवटपर्यंत उघडू नका. प्रत्येक प्रयोग निदान तीन, शक्यतो पाच वेगवेगळ्या सीडवर (यादृच्छिक आकड्यांच्या सुरुवातीवर) चालवा आणि सरासरीबरोबर चढउतारही द्या. तुमची पद्धत जुन्या पद्धतीपेक्षा ०.४ टक्क्यांनी सरस आणि सीड बदलल्यावरचा चढउतार ०.६ टक्के असेल, तर पेपर अजून झालेला नाही.

पेपर कुठे, कधी

या शाखेत नियतकालिकांपेक्षा परिषदांना वजन आहे. निवड समितीत रसायनशास्त्राचा तज्ज्ञ बसला असेल तर त्याला हे समजावून सांगावं लागतं. मुख्य परिषदा तीन. न्यूरिप्सची मुदत मे महिन्यात, निकाल सप्टेंबरच्या उत्तरार्धात, परिषद डिसेंबरच्या सुमारास. आयसीएलआरची मुदत सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, निकाल जानेवारीच्या उत्तरार्धात. आयसीएमएलची मुदत जानेवारीअखेर, निकाल मेच्या आसपास. एकीकडून नाकारलेला पेपर दुसरीकडे पाठवायला मध्ये जेमतेम एक-दोन आठवडे मिळतात. त्यामुळे निकालाची वाट पाहत बसायचं नाही. रिव्ह्यू हातात आले त्याच दिवशी मागितलेले प्रयोग सुरू करायचे, पेपर लागो वा न लागो.

या निकालांत नशिबाचा भाग किती? २०१४ साली न्यूरिप्सनेच (तेव्हा नाव निप्स) आलेल्या पेपरांपैकी सुमारे १० टक्के दोन स्वतंत्र समित्यांकडे पाठवून पाहिले. १६६ पेपरांपैकी साधारण एक चतुर्थांशावर दोन समित्यांचं एकमत झालं नाही, आणि एका समितीने घेतलेल्या पेपरांतले निम्म्याहून जास्त दुसरीने नाकारले असते. २०२१च्या प्रयोगातही चित्र फारसं बदललं नाही. म्हणजे अगदी कमकुवत पेपर बाहेर पडतो, अगदी उत्तम बहुधा आत जातो, आणि मधल्या पट्ट्यात नाणेफेक चालते. एका नकारावरून विषय सोडू नका. तिसऱ्या नकारात तिन्ही वेळा तेच आक्षेप आले असतील, तर मात्र आक्षेप खरे आहेत.

मुदतीच्या दिवशी फसवणारं गणित: वेळ 'एओई'मध्ये दिलेली असते, म्हणजे पृथ्वीवर जिथे तारीख सगळ्यात शेवटी बदलते तिथली. रात्री ११:५९ एओई म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५:२९. सारांशाची मुदत मुख्य पेपरच्या काही दिवस आधी असते आणि ती चुकली की विषय संपला. ओपनरिव्ह्यू या पेपर पाठवण्याच्या संकेतस्थळावर सर्व सहलेखकांचं खातं लागतं, आणि संस्थेच्या मेलऐवजी जीमेलवरून उघडलेल्या खात्याला मंजुरी मिळायला दोन आठवडेही लागू शकतात. दुसऱ्या कॉलेजातला सहलेखक असेल तर त्याचं खातं महिनाभर आधी उघडून घ्या. पानांची मर्यादा ओलांडली, समास बदलले, गिटहबच्या दुव्यातून लेखकाचं नाव उघड झालं, तर पेपर रिव्ह्यूपर्यंत न पोहोचता परत येतो.

रिबटल, म्हणजे रिव्ह्यूवरचं उत्तर, लिहिताना रिव्ह्यूअरला खोटं पाडायला जाऊ नये. त्याला समजलं नाही असं जिथे वाटतं, तिथे मजकूर अपुरा होता असं धरून सुधारलेलं वाक्यच लिहून द्या. नवा प्रयोग एकच, पण आकड्यासकट. शेवटी, निर्णय घेणाऱ्या क्षेत्र-अध्यक्षासाठी तीन ओळींचा सारांश: कोणते आक्षेप मिटले, कोणता उरला आणि तो का निर्णायक नाही.

पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहा. यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादी फेब्रुवारी २०२५मध्ये बंद झाली, तेव्हा आता 'यादीत आहे' ही पळवाटही उरलेली नाही. आयआयटीच्या छाननीत असा एक पेपर तीन चांगल्या पेपरांवर पाणी फिरवतो.

अर्ज आणि मुलाखत

आयआयटीत ग्रेड १च्या सहायक प्राध्यापकाला पीएचडीनंतर तीन वर्षांचा अनुभव लागतो. मूळ वेतन १,०१,५०० रुपये, त्यावर महागाई भत्ता, आणि कॅम्पसवर घर घेतलं नाही तर घरभाडं भत्ता. तीन वर्षं भरली नसतील तर ग्रेड २वर करारपद्धतीने घेतात आणि नंतर ग्रेड १ला नेतात. यूजीसीच्या श्रेणीत सहायक प्राध्यापकाची सुरुवात ५७,७०० रुपयांवर होते.

पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधन-नेमणूक, म्हणजे पोस्टडॉक, परदेशात करावी का? करावी, पण पीएचडीतल्या विषयाच्या शेजारच्या विषयात. त्याच विषयात केली तर मुलाखतीत 'हे तुमचं की गाईडचं?' हा प्रश्न येतो. अमेरिकेतच प्राध्यापकी करायची असेल तर तिथले अर्ज नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जातात, मुलाखती फेब्रुवारी ते एप्रिल, पगार बहुतेक ठिकाणी नऊ महिन्यांचा आणि उन्हाळ्याचा स्वतः अनुदानातून आणायचा. तिथली टेन्यूरची, म्हणजे कायम नेमणुकीची, घटिका सहसा सहाव्या वर्षी भरते.

भारतात अर्ज वर्षभर घेणारे विभाग बरेच आहेत. अर्जासोबत बायोडेटा, संशोधनाचं निवेदन, अध्यापनाचं निवेदन आणि शिफारस देणाऱ्यांची नावं. प्रक्रिया सहा महिन्यांपासून वर्षभर चालते: विभागात छाननी, तिथे व्याख्यान, विभागीय समितीशी चर्चा, मग बाहेरचे तज्ज्ञ असलेली निवड समिती. उत्तर आलं नाही म्हणजे नकार असं समजू नका. दर दीड-दोन महिन्यांनी विभागप्रमुखांना नम्रपणे विचारा.

व्याख्यानाला समोर बसलेल्यांत तुमच्या उपशाखेचे दोघेच असतात. बाकीचे अल्गोरिदम, डेटाबेस, आर्किटेक्चरवाले. पहिली पंधरा मिनिटं त्यांच्यासाठी, मधली वीस तुमच्या सगळ्यात चांगल्या एकाच निकालासाठी, शेवटची दहा पुढच्या पाच वर्षांसाठी. सहा पेपर दाखवणारा उमेदवार एकही नीट समजावू शकत नाही. 'आमच्याकडे शंभर जीपीयू (मॉडेल शिकवायला लागणारी गणनकार्डं) नाहीत, मग हे काम कसं कराल?' हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर आकड्यात द्यायचं. ते कसं, ते पुढच्याच भागात.

पहिली तीन वर्षं: पैसा, यंत्र, विद्यार्थी

रुजू होताच संस्थेचं सुरुवातीचं अनुदान मागा आणि त्याच महिन्यात बाहेरचा प्रस्ताव लिहायला घ्या. आता सर्ब या केंद्राच्या जुन्या अनुदान मंडळाची जागा अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानने घेतली आहे. नव्याने लागलेल्यांसाठी तिथे पंतप्रधान अर्ली करिअर रिसर्च ग्रँट आहे: तीन वर्षांसाठी ६० लाख रुपयांपर्यंत, संस्थेचा वाटा वेगळा.

अंदाजपत्रकात लोक चुकतात ते इथे. ७०० कोटी पॅरामीटरचं मॉडेल १६ बिटांत नुसतं चालवायला सुमारे १४ जीबी मेमरी लागते. तेच ॲडम या नेहमीच्या ऑप्टिमायझेशन पद्धतीने पूर्ण प्रशिक्षित करायचं तर प्रत्येक पॅरामीटरमागे साधारण १६ बाइट, म्हणजे ११२ जीबी, आणि वर ॲक्टिव्हेशनचा, म्हणजे मधल्या थरांच्या आकड्यांचा, खर्च वेगळाच. ८० जीबीच्या एका कार्डावर ते बसत नाही. पण लोरासारख्या पद्धतीने थोडेच पॅरामीटर शिकवले तर बसतं. २०२३च्या क्यूलोरा पद्धतीने ६५०० कोटींचं मॉडेल ४८ जीबीच्या एकाच कार्डावर जुळवून दाखवलं. प्रस्तावात हे गणित मांडा: किती मॉडेल, किती सीड, एका फेरीला किती तास, एकूण किती जीपीयू-तास. नुसतं 'सर्व्हर १ नग' लिहिलं की समिती आकडा निम्मा करते.

यंत्र विकत घेताना वीज आणि हवा आधी पाहा. आठ ए१०० जीपीयू-कार्डांचा डीजीएक्स सर्व्हर कमाल ६.५ किलोवॉट ओढतो, पुढच्या पिढीच्या एच१०० कार्डांचा १०.२. भिंतीवरचा १६ अँपिअरचा सॉकेट २३० व्होल्टवर ३.७ किलोवॉटच देऊ शकतो. जेवढी वीज आत जाते तेवढीच उष्णता बाहेर येते. एक टन एसी साधारण ३.५ किलोवॉट उष्णता काढतो, म्हणजे एच१००च्या सर्व्हरला निदान तीन टन, आणि एक एसी बंद पडला तर दुसरा हवा. खोक्यात बंद सर्व्हर सहा-सहा महिने व्हरांड्यात पडून राहतात ते इस्टेट विभागाला आधी पत्र न दिल्यामुळे. तोवर वॉरंटीचं घड्याळ चालू असतं. ऑर्डरवर 'वॉरंटी उभारणीच्या तारखेपासून' ही ओळ घाला.

खरेदीचे नियम थोडे सैल झाले आहेत: जून २०२५पासून वैज्ञानिक संस्थांत निविदेशिवाय थेट खरेदीची मर्यादा दोन लाख, आणि खरेदी समितीमार्फत २५ लाखांपर्यंत. तरी मार्चमध्ये काही मागवू नका. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, खर्चाचं विवरण आणि जीएफआर १२-ए नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर गेलं नाही तर पुढचा हप्ता अडतो, आणि विद्यार्थ्याची छात्रवृत्ती त्याच हप्त्यातून जायची असते. डिसेंबरमध्येच सगळी बिलं निघालेली असावीत.

स्वतःचं यंत्र नसलं तरी काम थांबत नाही. पुण्यात सी-डॅककडे परम सिद्धी-एआय आहे, राष्ट्रीय सुपरकम्प्युटिंग मिशनची यंत्रं संस्थासंस्थांत आहेत, आणि मार्च २०२४मध्ये १०,३७२ कोटींच्या इंडियाएआय मिशनला मंजुरी मिळाल्यानंतर सवलतीच्या दरात जीपीयू मिळू लागले आहेत. सामायिक यंत्रावर रांग असते आणि काम वेळमर्यादेवर तोडलं जातं, म्हणून दर तासाला चेकपॉइंट (तोवरच्या प्रशिक्षणाची प्रत) साठवणारा कोड पहिल्याच दिवशी लिहा.

विद्यार्थी घेताना घाई नडते. पहिल्या वर्षी एकच, फार तर दोन. पहिल्या विद्यार्थ्याचा पहिला पेपर तुम्ही शेजारी बसून घडवायचा असतो. पाच जण एकदम घेतले की पाचही जण दुसऱ्या वर्षाच्या त्या दरीत एकदमच जातात. पीएचडीला लायक विद्यार्थी कमी आणि कंपन्यांच्या ऑफर मोठ्या, हे वास्तव आहे. म्हणून बीटेकच्या तिसऱ्या वर्षातल्या मुलांना छोटे प्रश्न देत राहा.

शिकवण्याचा भार कमी लेखू नका. नव्या विषयाच्या एका तासाच्या व्याख्यानाला पहिल्या वर्षी सहा-आठ तास तयारी लागते. मशीन लर्निंगच्या वर्गात दीडशे-दोनशे मुलं सहज असतात. घरी करायच्या कोडिंगवर आता गुण ठेवू नका, चॅटबॉट ते करून देतो. त्याऐवजी जमा केलेल्या कोडवर पाच मिनिटांची तोंडी परीक्षा घ्या: ही ओळ काढली तर लॉसचा आलेख कसा बदलेल? दहा टीए असतील तर दोनशे मुलं दोन दुपारांत होतात.

रिव्ह्यूचं कामही याच वर्षांत अंगावर येतं. आयसीएमएलने पेपर पाठवणाऱ्यांवर रिव्ह्यू करण्याची जबाबदारी टाकली आहे. एका पेपरला तीन-चार तास धरा, पाच-सहा पेपर म्हणजे अर्धा आठवडा, आणि तो कॅलेंडरवर आधीच कोरून ठेवा.

कॉलेजात सोळा तास शिकवत असाल तर

मोठं मॉडेल घडवण्याच्या शर्यतीत पडू नका. डेटासंच, मोजमाप आणि मराठी या तीन जागी कमी साधनांत खरं काम होतं. पुण्यातल्या एलथ्रीक्यूब उपक्रमात इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या हातून मराठीसाठी महाबर्टसारखी भाषामॉडेलं आणि भावना ओळखण्याचे डेटासंच तयार झाले आणि खुले झाले. आयआयटी मुंबईत मराठी वर्डनेट (शब्दार्थांच्या नात्यांचा कोश) उभं राहिलं. तुमच्या कॉलेजातले साठ विद्यार्थी म्हणजे साठ मराठी वाचक. प्रत्येक नमुन्यावर तिघांकडून लेबल घ्या, आधी शंभर नमुन्यांवर तालीम करा, लेबलकर्त्यांमधलं एकमत मोजा, आणि ते कमी आलं तर विद्यार्थ्यांना नव्हे, सूचनापत्राला दोष द्या. हजार नमुन्यांचा स्वच्छ संच लाखभर अस्वच्छ नमुन्यांपेक्षा जास्त उपयोगी पडू शकतो. इंडोएमएलसारख्या परिसंवादात पोस्टर घेऊन जा. जवळच्या आयआयटीतला सहगाईड बहुधा तिथेच भेटतो.

बढती आणि नंतर

आयआयटीत सहयोगी प्राध्यापकासाठी पीएचडीनंतर सहा वर्षं, त्यांतली तीन सहायक प्राध्यापक म्हणून. मूळ वेतन १,३९,६०० रुपये. प्राध्यापकपदासाठी दहा वर्षं, त्यांतली चार सहयोगी म्हणून, आणि १,५९,१०० रुपये. हे किमान अनुभव आहेत, हमी नाही. समिती पाहते की पीएचडीचे विद्यार्थी बाहेर पडले का, जुन्या गाईडशिवाय पेपर आले का, अनुदान स्वतःच्या नावावर आहे का. पहिला विद्यार्थी पाचव्या वर्षी बाहेर पडतो, म्हणजे त्याला पहिल्याच वर्षी घेतलेला असायला हवा.

दीर्घ पल्ल्याचं उदाहरण हवं असेल तर आयआयटी मुंबईच्या सुनीता सारवगी यांचं पाहावं. डेटाबेस आणि डेटा मायनिंगपासून मशीन लर्निंग आणि भाषाप्रक्रियेपर्यंत त्यांचं काम सलग पुढे सरकत गेलं, आणि २०१९चा इन्फोसिस पुरस्कार या सगळ्या पट्ट्यासाठी मिळाला. दर दोन वर्षांनी फॅशनप्रमाणे विषय बदलणाऱ्याला असा पट्टा विणता येत नाही.

कन्सल्टन्सीला संस्था साधारण आठवड्यातला एक दिवस देतात. करार संस्थेच्या कार्यालयातूनच करा, आणि पेपर छापण्याचा हक्क तुमच्याकडे राहील हे कलम तपासा. कंपनीने ते कापलं तर विद्यार्थ्याला त्या कामात घेऊ नका, त्याचा प्रबंध अडकतो. सब्बॅटिकलवर (संशोधनासाठीच्या लांब रजेवर) जाताना प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावावर सहगाईडची लेखी नेमणूक करून जा. अर्ज निदान एक सत्र आधी द्या, कारण तुमचा विषय त्या सत्रात कोण शिकवणार हे विभागाला ठरवावं लागतं.